खारट अंगण: नेरूळच्या हिरवळीच्या उन्हाळी नोंदी

२५ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

वहीला आज सुरुवात. हवामान खात्याने मुंबई, ठाणे, रायगडला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिलाय, आणि अजून फेब्रुवारीही संपलेला नाही. दुपारी दोनला पोर्चमधल्या तापमापकात ३८. वारा पूर्वेकडून, जमिनीवरचा, कोरडा. खाडीवरचा वारा चार वाजले तरी आला नाही. दोरीवरचे कपडे तासाभरात कडकडीत वाळले, नेरूळमध्ये एरवी असं होत नाही.

पुढचं अंगण पंधरा बाय वीस फूट. रो हाउसच्या मानाने बरंच. एका अंगाला कडुनिंब, कोपऱ्यात नारळ, बाकी सगळी हिरवळ. गवत 'सिलेक्शन वन', म्हणजे आपल्या हरळीचाच बारीक पानांचा निवडक वाण. आठ वर्षांपूर्वी अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पाटावर बसून एकेक काडी टोचली होती. जानेवारीत त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. आता रोज सकाळी काठी घेऊन याच गवतावर अनवाणी फेऱ्या मारतात. फरशीवर त्यांना पाय सटकायची भीती वाटते, इथे वाटत नाही. म्हणून यंदा हे गवत जगवायचंच.

आजची स्थिती: कुंपणाच्या भिंतीलगत चार बाय दहा फुटांचा पट्टा पिवळा. बाकीचं हिरवं आहे, पण दुपारी त्यावर निळसर राखाडी झाक येते. अण्णा चालून गेले की पावलांचे ठसे बराच वेळ तसेच राहतात. गवताला पाणी कमी पडतंय याची ही पहिली खूण. ताजं गवत पाय उचलताच उभं राहतं.

२ मार्च, रविवार

माळीकाका आले. गवत पार जमिनीलगत कापून गेले. लवकर वाढू नये आणि त्यांची फेरी वाचावी म्हणून असं कापतात, मला माहीत आहे, पण मी घरात होते आणि बाहेर येईपर्यंत निम्मं झालं होतं. वरून मीच सांगितलं, पिवळं दिसतंय, थोडा युरिया टाका. अकराच्या उन्हात टाकला.

६ मार्च

युरिया टाकला तिथे ठिपक्या-ठिपक्यांनी गवत करपलंय, मूठ पडली त्या आकाराचे डाग.

आज हिशोब केला. युरियात ४६ टक्के नत्र. हिरवळीला एका वेळी चौरस मीटरला साधारण पाच ग्रॅम नत्र पुरतं, म्हणजे दहा-अकरा ग्रॅम युरिया. आपलं अंगण २८ चौरस मीटर, म्हणजे ३०० ग्रॅम, तोही ओल्या मातीवर, संध्याकाळी, आणि लगेच वरून भरपूर पाणी. आपण एक किलोची पिशवी संपवली. मुळात तहानलेल्या गवताला खत देणंच चुकीचं. त्याला वाढायला भाग पाडायचं आणि वाढीला लागणारं पाणी मात्र द्यायचं नाही, असं झालं ते. आता पाऊस लागेपर्यंत खत बंद.

माळीकाकांशी बोलले. यापुढे कापणी दीड इंचाच्या खाली नाही, एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नाही. ते म्हणाले, "ताई, मग दर आठवड्याला यावं लागेल." या म्हटलं. पैसे वाढवून दिले.

१४ मार्च

धुळवड. पोरं गवतावरच खेळली. पाणी भरपूर सांडलं. रंग साधा होता, चिंता नाही.

१६ मार्च, रविवार

आज डबे मांडले. श्रीखंडाचे रिकामे, सरळ कडेचे सहा डबे हिरवळीवर ठिकठिकाणी ठेवून स्प्रिंकलर वीस मिनिटं चालू ठेवला, रोज ठेवतो तसाच. मग पट्टीने पाणी मोजलं. मधल्या डब्यात ९ मिलिमीटर, निंबाकडच्या दोन डब्यांत ६ आणि ५, भिंतीजवळच्या डब्यात जेमतेम ३.

मला वाटलं, कोडं सुटलं: भिंतीजवळ पाणीच पोचत नाही, म्हणून तो पट्टा पिवळा. स्प्रिंकलर सरकवला. लेकीने (आठवीत आहे) वहीत डब्यांचा नकाशा काढला. तिचा प्रश्न: "आई, मिलिमीटर म्हणजे किती बादल्या?" एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लीटर. आपल्या अंगणाला २८ लीटर, दीडेक बादली.

२२ मार्च, शनिवार

खुरप्याने दोन ठिकाणी गवताचा चौकोनी तुकडा कापून उचलला. मधल्या भागात मुळं दीड इंच, त्याखाली माती कोरडी ठणठणीत. निंबाच्या सावलीत, जिथे माती ओल धरते, तिथे चार इंच. पेचकस टोचून पाहिला. सावलीत मुठीच्या जोराने पूर्ण आत गेला, उन्हात दोन इंचांवर अडला.

रोज थोडंथोडं पाणी दिलं की वरची माती तेवढी ओली होते, मुळं तिथेच घुटमळतात, आणि दुपारी तीच माती आधी तापते. बदल असा: रोज नाही, तीन दिवसांनी एकदा, पण १० ते १२ मिलिमीटर. पहाटे साडेपाचला, कारण तेव्हा वारा नसतो आणि बाष्प उडत नाही. रात्री दिलं तर पानं रात्रभर ओली राहतात आणि इथल्या दमट हवेत बुरशी धरते.

दुपारी ठसे पडले तरी हात आखडता घेणार. संध्याकाळी गवत सावरलं नाही तरच मधे पाणी.

३० मार्च, गुढीपाडवा

निंबाच्या डहाळ्या काढायला सकाळी अंगणात गेले तर भिंतीलगतच्या मातीवर पांढुरकी साय. आठवडाभर तिथे जास्त पाणी देतेय, आणि पट्टा सुधारायच्या ऐवजी पिवळ्याचा तपकिरी झालाय. मला वाटलं बुरशी. अण्णा काठी टेकत आले, वाकता येत नाही म्हणून मला म्हणाले, "चिमूटभर दे इकडे." जिभेवर ठेवली आणि थुंकले.

"खार आहे गं. खाजणातली माती." खाजण म्हणजे खाडीकाठची खारट, दलदलीची जमीन.

अण्णांचं गाव पेण तालुक्यात, खाडीच्या कडेला. त्यांची भातशेती खारजमिनीतली. समुद्राचं पाणी आत येऊ नये म्हणून बांध, आणि त्या बांधाला उघाडी, म्हणजे पाणी बाहेर सोडायचं दार. भरतीला दार बंद राहतं, ओहोटीला उघडतं. त्यांनी सांगितलं ते शब्दशः लिहून ठेवते: "पावसाळ्यात गोडं पाणी मीठ खाली नेतं नि उघाडीतून बाहेर काढतं. उन्हाळ्यात जमीन तापली की तेच मीठ ओलीबरोबर वर येतं. म्हणून तिथे भात पावसाळीच." पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचं खारजमीन संशोधन केंद्र आहे, तिथून या जमिनींसाठी भाताचे खास वाण निघाले. अण्णांनी पनवेल-३ लावलेलाही आहे.

१९७० साली सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, आली त्याआधी हा सगळा खाडीकाठ शेतं, खाजणं, मिठागरं असाच होता. त्यावर भराव, भरावावर आपलं घर. पण आठ वर्षं गवत छान होतं. मग मीठ आत्ताच कुठून आलं?

दिवसभर पुरणपोळीपेक्षा याचाच विचार.

२ एप्रिल, बुधवार

पाण्याचा टीडीएस मीटर मागवला, पेनासारखा असतो तो. एका लीटर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवतो. घरातलं सगळं पाणी मोजलं. लेकीच्या अक्षरात तक्ता वहीच्या मागच्या पानावर आहे. थोडक्यात: नळाचं, म्हणजे मोरबे धरणाचं, ८५. एसीतून गळणारं १२. फिल्टरमधून टाकून दिलं जाणारं १५०. आणि ओळीतल्या सगळ्या घरांच्या बागांना जी बोअर आहे, तिचं १६४०.

आपण अंगणाला गेल्या दिवाळीपासून बोअरचंच पाणी देतोय. पिण्याचं पाणी गवताला कशाला, हा विचार, आणि तो चांगल्या मनानेच केला होता.

आता गुणाकार. १६४० म्हणजे लीटरला साधारण दीड ते पावणेदोन ग्रॅम क्षार. एका पाळीला ३०० लीटर. म्हणजे प्रत्येक पाळीला जवळजवळ अर्धा किलो क्षार आपण स्वतःच्या हाताने अंगणात पसरतोय. पाणी उडून जातं, मीठ कुठे उडतं? तीन दिवसांची पाळी धरली तर महिन्याला पाच किलो. मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले.

भिंतीजवळ मी मुद्दाम जास्त पाणी दिलं होतं. मुद्दाम जास्त मीठ दिलं होतं.

४ एप्रिल

मातीचीही चाचणी केली. उन्हात वाळवलेली माती एक वाटी, एसीचं पाणी पाच वाट्या, ढवळून अर्धा तास निवळू दिलं आणि वरचं पाणी मोजलं. निंबाखाली १५०, मधे २६०, भिंतीलगत ६४०. ही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे. आकड्याला स्वतःचा असा अर्थ फार नाही, पण एकमेकांशी तुलना होते, आणि तुलना स्पष्ट आहे. हरळी मीठ बऱ्यापैकी सोसते. दुसरं मऊ गवत असतं तर केव्हाच गेलं असतं.

नर्सरीत जिप्सम टाका म्हणाले. जिप्समचा उपयोग मातीत सोडियमचं प्रमाण बिघडलं असेल तेव्हा. इथे तसं आहे की नुसते विरघळणारे क्षार आहेत, हे तपासल्याशिवाय आणखी एक पोतं ओतणार नाही. युरियाने शिकवलंय.

६ एप्रिल, रामनवमी

संध्याकाळी अण्णा, नवरा, लेक, सगळे अंगणात बसून ठरवलं. आजची नोंद मोठी आहे.

बोअरचं पाणी हिरवळीला बंद. मग पाणी कुठून? अख्ख्या अंगणाला तीन दिवसांनी ३०० लीटर नळाचं पाणी टाकायचं मला पटत नाही. मोरबेचं पाणी खालापुराहून इतक्या लांब येतं, आणि एप्रिल-मेमध्ये धरणाची पातळी रोज पेपरात वाचायची नि इकडे पाइप सोडायचा, हे मनाला लागतं. एसीचं पाणी मोजलं: दोन एसी, रात्रभरात १८ लीटर. हे पाणी हवेतल्या बाष्पाचं, क्षार जवळपास नाहीत. आजवर ते गटारात जात होतं.

अण्णांनीच तोड काढली. "मला फिरायला सगळं अंगण कशाला लागतं? घराच्या कडेने नि निंबाच्या कडेने एक वाट ठेव." पावलांनी मोजलं. तीन फूट रुंदीची, काटकोनात वळणारी वाट, मिळून ९६ चौरस फूट, नऊ चौरस मीटर. तिला तीन दिवसांनी १० मिलिमीटर म्हणजे ९० लीटर, दिवसाला ३० लीटर. अठरा एसीचे, बाकी बाराची सोय तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी आणि अर्धी बादली नळाचं. वर निंबाची सावली आहेच.

मधलं अंगण वाळू द्यायचं. हे लिहिताना वाईट वाटतंय. पण हरळी वाळली म्हणजे मेली असं नाही. पानं तपकिरी पडतात, जमिनीखालचे धुमारे जिवंत राहतात. पंधरा दिवसांतून एकदा थोडी ओल दिली की पावसापर्यंत तग धरतात. माळरानावरची हरळी कोण शिंपतं? दूर्वा म्हणून आपण गणपतीला वाहतो ती हीच.

आणि बोअरचं पाणी नारळाला. कोकणात नारळाच्या आळ्यात मीठ टाकायची पद्धत आहे. हे झाड समुद्रकाठचं, त्याला खार सोसतोच. अण्णा खूश झाले. नारळाचं आळं मोठं केलं, त्यात सोडणं, म्हणजे नारळाची सालं, पालथी घालून ठेवली.

भिंतीलगतचा पट्टा धुऊन काढायचा. खाजणातला उपाय लहान प्रमाणावर. ढोबळ नियम असा की एक फूट खोलीतले क्षार निम्मे करायला सहा इंच गोडं पाणी झिरपावं लागतं. पट्टा ३.७ चौरस मीटर, म्हणजे साधारण ५६० लीटर नळाचं पाणी. एकदाच. तेवढं घेतलं तर चालेल, असं सगळ्यांचं मत.

१२ ते १४ एप्रिल

धुतलं. तीन पहाटे, रोज सुमारे १९० लीटर, पाइपची धार बारीक ठेवून, तुंबलं की थांबवून. तिसऱ्या दिवशी पाणी जिरायला फार वेळ लागला, दुपारपर्यंत चिखल. मग निंबाचा नि शेजारच्या बदामाचा पालापाचोळा दोन इंच अंथरला, ऊन थेट मातीवर पडू नये म्हणून.

१६ एप्रिल: पट्ट्यातल्या मातीची पुन्हा तीच चाचणी, ३१०. निम्मं! लेकीने तारखेभोवती फूल काढलंय.

२० एप्रिल, रविवार

पहाटे पाणी देत असताना डोक्यावरून फ्लेमिंगोंचा थवा गेला. अंधारात दिसले नाहीत, आवाज ऐकू आला, बदकांसारखा पण जरा खोल. तेही याच खारट चिखलावर जगतात.

वाट हिरवी आहे. मधलं अंगण गव्हाच्या रंगाचं. येणारे-जाणारे विचारतात, "लॉन गेली का हो?" मी सांगते, झोपलीय.

वाटेत ओल सापडल्यामुळे लव्हाळा आला. नुसता ओढला तर वरची पात तुटते, खाली गाठी एकमेकींना जोडलेल्या राहतात आणि एकीच्या जागी तीन उगवतात. पाणी दिल्यावर माती मऊ असताना खुरपं खोल घालून गाठीसकट काढायचा. आज चाळीस मिनिटांत चार फूट झालं. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण, मुंग्यांची रांगही. साबणाचं पाणी संध्याकाळी फवारलं.

२७ एप्रिल

भिंतीलगत ४८०. पालापाचोळा बाजूला केला तर खाली माती ओलसर, आणि पुन्हा ती पांढुरकी साय. बोअरचं पाणी एक थेंब दिलेलं नाही. कळत नाही.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

अण्णांनी आज वेलभाज्यांची आळी घातली. दरवर्षी घालतात, यंदा खुर्चीवर बसून काठीने जागा दाखवली आणि मी खणली. पडवळ, शिराळं, काकडी. मागच्या दारी, जिथे बोअरचा पाइप कधी पोचलाच नाही. आळ्यात मागच्या वर्षीचं शेणखत, वर राख. बी अण्णांनी स्वतःच्या हाताने टाकलं.

७ मे, बुधवार

काल संध्याकाळी आधी धुळीचं वादळ, मग विजा, मग पाऊस. वळीव म्हणायचा. डबे अंगणातच होते, सकाळी ११ मिलिमीटर. निंबाची एक फांदी पडली, वाटेवर नाही.

रात्री पोर्चच्या दिव्याभोवती तपकिरी भुंगेरे. पहिल्या पावसानंतर हे जमिनीतून निघतात, निंबाची पानं खातात, मग मातीत अंडी घालतात आणि त्यांची अळी, म्हणजे हुमणी, पावसाळ्यात गवताची मुळं कुरतडते. दिव्याखाली परातीत साबणाचं पाणी ठेवलं. सकाळी मोजले, २३. रोज ठेवणार. साळुंक्या सकाळपासून गवतात चोची मारताहेत, त्यांचंही काम चालू आहे.

११ मे

मधलं अंगण! चार दिवसांत तपकिरी गवतातून हिरव्या टोकांची लव आली. ११ मिलिमीटर पावसावर. अण्णांना वरच्या खोलीच्या खिडकीतून दाखवलं, वरून जास्त कळतं. ते बराच वेळ उभे होते.

१८ मे, रविवार

भिंतीलगत ५४०. धुण्याच्या आधीच्या आकड्याच्या जवळ आलं. ५६० लीटर गोडं पाणी गेलं ते गेलंच, असं आज वाटतंय. बोअरही मोजली: २१८०, उन्हाळा चढला तशी जास्त खारट झाली. ओळीच्या बैठकीत हा आकडा मांडला. दोन घरांनी बोअरचं पाणी बंद केलं, त्यांच्या मोगऱ्याची पानं कडेने जळत होती ती का, हे आत्ता लक्षात आलं म्हणाले.

एसीचं पाणी आता रात्रीला २४ लीटर. हवेत दमटपणा वाढला की ते वाढतं.

२६ मे, सोमवार

मान्सून आला. हवामान खात्याने आज जाहीर केलं. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून, त्याच्या सोळा दिवस आधी, आणि गेल्या पंचाहत्तर वर्षांतला हा सगळ्यात लवकरचा. कालच रोहिणी नक्षत्र लागलं होतं. सकाळपासून धो-धो. डबे भरून वाहिले, मोजमाप नाही.

अक्षय्य तृतीयेच्या आळ्यांत पाणी साचलंय. शिराळ्याचे वेल टोपलीने झाकले.

२७ मे

आज सगळं उलगडलं, म्हणून सविस्तर.

सकाळी पाऊस थोडा थांबला. सगळ्या अंगणातलं पाणी जिरलं होतं, भिंतीलगतच्या पट्ट्यात मात्र घोटाभर तसंच उभं. अण्णा पोर्चमधून बघत होते. म्हणाले, "हे पाणी पूर्वी कुठून जायचं?"

पूर्वी. मी आठवायला लागले. भिंतीच्या तळाला पाणी जायला भोकं होती, तीन. गटाराच्या बाजूने बाहेर यायची. दिवाळीच्या आधी बाहेर पेव्हर ब्लॉक बसवले आणि भिंतीला खालून गिलावा केला, तेव्हा ठेकेदाराच्या माणसांनी ती भोकंही लिंपून टाकली असणार. आणि त्याच दिवाळीपासून आपण बोअरचं पाणी सुरू केलं. दोन्ही गोष्टी एकदमच. अंगणाचा उतार भिंतीकडे. त्यामुळे सगळ्या अंगणाला दिलेलं खारट पाणी मातीतल्या मातीत तिकडेच सरकायचं, भिंतीला अडायचं, आणि उन्हाने तिथूनच वर यायचं. एप्रिलमध्ये मी मीठ धुतलं, पण ते फक्त फूटभर खाली ढकललं. बाहेर जायला वाट नव्हती. पुढच्या दहा दिवसांत ते त्याच ओलीबरोबर वर आलं.

अण्णा एवढंच म्हणाले, "उघाडी बुजली होती."

पावसात रेनकोट घालून नवरा आणि मी छिन्नी-हातोडी घेऊन बाहेर बसलो. पहिलं भोक सापडायला वीस मिनिटं लागली. गिलाव्याचा थर फुटला आणि मागून तपकिरी पाण्याची चिळकांडी आली ती थेट गटारात. लेकीने पेनासारखा टीडीएस मीटर आणला आणि त्या पाण्यात बुडवला: १९००. पावसाचं पाणी मातीतून बाहेर येताना १९०० घेऊन आलं. मग बाकीची दोन. तिन्ही भोकांना आतून पाइपचे तुकडे बसवले, तोंडाला जाळी आणि मागे खडी, माती वाहून जाऊ नये म्हणून.

संध्याकाळपर्यंत पट्ट्यातलं पाणी उतरलं. भोकातलं पाणी तेव्हा ११००.

२९ मे

भोकातलं पाणी सकाळी ६२०, संध्याकाळी ४५०. पाऊस चालूच.

१ जून, रविवार

भोकातून येणारं पाणी २१०. पट्ट्यातली माती ओव्हनमध्ये वाळवून (ऊन नाही) चाचणी: १८०. एप्रिलमध्ये ५६० लीटरला जे जमलं नाही ते. पाऊस कितीतरी पट पडला हे खरंच, पण एप्रिलमध्येही आधी भोकं मोकळी केली असती तर तेवढ्या पाण्यात बरंच काम झालं असतं.

हे ठेकेदाराला फोन करून सांगितलं. बाकीच्या घरांच्या भिंतीही त्यांनीच केल्यात. आज दुपारी मी आणि शेजारच्या काकू छत्री घेऊन ओळीतल्या सगळ्या भिंती बघत गेलो. अकरापैकी सात घरांची भोकं बुजलेली. खडूने खुणा करून ठेवल्या.

८ जून, रविवार

मृग लागला. पट्ट्यातली वरची दोन इंच माती पहारीने मोकळी केली, जाड रेती नि शेणखत मिसळलं. वाटेच्या कडेने बाहेर पसरलेले हरळीचे धुमारे कात्रीने कापून घेतले, तीन-चार पेरांच्या काड्या केल्या. अण्णा पाटावर बसले, गुडघा आता तेवढा वाकतो. दर चार इंचांवर एक काडी, दोन पेरं मातीत, एक वर. त्यांनी एक ओळ लावली, मग लेकीने, मग मी.

बोअरच्या नळाला लेकीने पाटी लावली: 'फक्त नारळासाठी'. ऑक्टोबरमध्ये पाऊस गेल्यावर पुन्हा मोजायचं: बोअर, माती, आणि तिन्ही भोकं मोकळी आहेत का ते.